मद्यपान आणि वजन घटवणे

वजन कमी करण्याचा प्रयत्न सुरू असताना केलेल्या मद्यपानाचा त्या प्रयत्नावर होणारा परिणाम हा आहारशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र आणि सार्वजनिक आरोग्य या तिन्ही शाखांचा विषय आहे. मद्यातील इथेनॉल या घटकापासून शरीराला ऊर्जा मिळते, पण प्रथिने, जीवनसत्त्वे किंवा खनिजे जवळजवळ मिळत नाहीत. इथेनॉलचे ज्वलन होत असताना शरीरातील चरबीचे ज्वलन मंदावते, भूक वाढते आणि खाण्यावरील संयम सैल होतो. त्यामुळे मद्य हे केवळ 'एक पेय' म्हणून आहाराच्या हिशेबात धरून भागत नाही. दुसरीकडे, दीर्घकाळ अतिमद्यपान करणारी व्यक्ती पुष्कळदा कृश दिसते. स्थूलता आणि कृशता हे दोन्ही परिणाम एकाच पदार्थामुळे कसे घडतात, हे समजून घेतल्यास या विषयातील बरेच गैरसमज दूर होतात.

ऊर्जामूल्य

एक ग्रॅम इथेनॉलपासून सुमारे ७ किलोकॅलरी ऊर्जा मिळते. कर्बोदके व प्रथिने यांपासून प्रतिग्रॅम ४, तर स्निग्ध पदार्थांपासून ९ किलोकॅलरी मिळतात. म्हणजे ऊर्जेच्या दृष्टीने मद्य साखरेपेक्षा तेलातुपाला अधिक जवळचे आहे.

पेयातील इथेनॉलचे वजन काढण्याची रीत सोपी आहे. बाटलीवर छापलेली तीव्रता घनफळाच्या टक्केवारीत असते. पेयाचे मिलिलिटर, ती टक्केवारी आणि इथेनॉलची घनता (०.७८९) यांचा गुणाकार केला की ग्रॅममधील वजन मिळते. भारतात व्हिस्की, रम, ब्रँडी इत्यादी मद्यांची तीव्रता सामान्यतः ४२.८ टक्के असते. त्यावरून पुढील अंदाजे आकडे निघतात.

• व्हिस्की किंवा रम, लहान पेग (३० मिलि) : इथेनॉल १० ग्रॅम, सुमारे ७० किलोकॅलरी
• व्हिस्की किंवा रम, मोठा पेग (६० मिलि) : इथेनॉल २० ग्रॅम, सुमारे १४० किलोकॅलरी
• क्वार्टर (१८० मिलि) : इथेनॉल ६१ ग्रॅम, सुमारे ४२५ किलोकॅलरी
• सौम्य बिअर, ५ टक्के (६५० मिलि) : इथेनॉल २६ ग्रॅम, कर्बोदकांसह सुमारे २६० ते २८० किलोकॅलरी
• तीव्र बिअर, ८ टक्के (६५० मिलि) : इथेनॉल ४१ ग्रॅम, कर्बोदकांसह सुमारे ३६० ते ३९० किलोकॅलरी
• वाइन, १३ टक्के (१५० मिलि) : इथेनॉल १५ ग्रॅम, सुमारे ११० ते १२५ किलोकॅलरी

एका क्वार्टरमधील ऊर्जा तेल न लावलेल्या तीन ते चार पोळ्यांइतकी असते. ३०० मिलि गोड कोला मिसळल्यास त्यात आणखी सुमारे १२५ किलोकॅलरींची भर पडते. भारतात खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर पोषणमूल्यांचा तक्ता असतो, परंतु मद्याच्या बाटलीवर ऊर्जेचा आकडा देणे सक्तीचे नाही. त्यामुळे पोळ्या मोजून खाणाऱ्या व्यक्तीच्या हिशेबातूनही मद्य सहज निसटते.

शरीरातील प्रक्रिया

कर्बोदके यकृतात व स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपाने साठवली जातात आणि चरबी मेदपेशींत साठते. इथेनॉल साठवण्याची सोय मात्र शरीरात नाही. यकृतातील विकरे त्याचे प्रथम अ‍ॅसिटाल्डिहाइड या विषारी द्रव्यात व नंतर अ‍ॅसिटेटमध्ये रूपांतर करतात. हे अ‍ॅसिटेट रक्तातून सर्व शरीरात पोहोचते आणि इंधन म्हणून वापरले जाते. ते उपलब्ध असेपर्यंत चरबी वापरण्याची गरज कमी होते, आणि जेवणातून आलेली व पूर्वी साठलेली चरबी तशीच राहते.

इ.स. १९९२ मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथील संशोधकांनी आठ निरोगी पुरुषांवर केलेला अभ्यास या संदर्भात नेहमी उद्धृत केला जातो. आहारातील ऊर्जेच्या सुमारे एक चतुर्थांश इतके मद्य दिल्यावर त्यांच्या शरीरातील चरबीचे ज्वलन दिवसभरात जवळजवळ एक तृतीयांशाने घटले. मद्य नेहमीच्या आहारात वाढवून दिले काय किंवा इतर अन्नाच्या बदल्यात दिले काय, ही घट दोन्ही वेळा दिसली. नंतरच्या अभ्यासांतून असेही स्पष्ट झाले की, इथेनॉलचा फारच थोडा अंश प्रत्यक्ष चरबीत रूपांतरित होतो. म्हणजे 'दारूची चरबी होते' हे विधान शब्दशः बरोबर नाही. दारूमुळे सोबतच्या जेवणाची चरबी खर्च न होता साठून राहते, असे म्हणणे अधिक अचूक ठरते.

प्रौढ व्यक्तीचे यकृत ताशी साधारण ७ ते १० ग्रॅम इथेनॉल निकालात काढते. या वेगाने एका क्वार्टरमधील ६१ ग्रॅम इथेनॉलसाठी सहा ते नऊ तास, म्हणजे जवळजवळ संपूर्ण रात्र लागते. व्यायाम, लिंबूपाणी किंवा काळी कॉफी यांनी हा वेग वाढत नाही.

भूक, झोप आणि स्नायू

जेवणापूर्वी घेतलेल्या मद्यामुळे जेवण कमी न होता बहुधा वाढते. पाणी किंवा सरबत यांच्या तुलनेत मद्य घेतल्यानंतर माणसे अधिक खातात, असे अनेक प्रयोगांत दिसले आहे. इ.स. २०१७ मध्ये लंडनच्या फ्रान्सिस क्रिक संस्थेतील संशोधकांना उंदरांच्या मेंदूतील, एरवी उपासमारीत जागृत होणाऱ्या चेतापेशी मद्यामुळे उत्तेजित होत असल्याचे आढळले. पोटात ऊर्जा जात असतानाही मेंदूला भुकेचाच संकेत मिळतो, असा त्याचा अर्थ लावला जातो. याखेरीज मद्याने निर्णयशक्ती शिथिल होते, आणि सकाळी ठरवलेले पथ्य रात्री मोडते.

मद्याने झोप लवकर लागते, पण उत्तररात्री ती वारंवार मोडते. अपुऱ्या झोपेनंतर दुसऱ्या दिवशी भूक वाढते व व्यायामाचा उत्साह मावळतो. इ.स. २०१४ मधील एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात कठोर व्यायामानंतर भरपूर मद्य घेतल्यास, सोबत प्रथिने घेऊनही, स्नायूंतील प्रथिननिर्मिती सुमारे २४ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. वजन घटवताना स्नायू टिकवणे महत्त्वाचे असते, म्हणून व्यायामशाळेत जाणाऱ्यांच्या दृष्टीने हा परिणाम दुर्लक्षणीय नाही.

नागपूर व विदर्भातील संदर्भ

नागपुरात मद्यासोबतच्या खाण्याला 'चखना' म्हणतात. तळलेले किंवा मसाला लावलेले फल्लीदाणे, शेव, चिवडा, मसाला पापड आणि उकडलेली अंडी हे त्यातील नेहमीचे पदार्थ होत. ५० ग्रॅम फल्लीदाण्यांतून सुमारे २८० किलोकॅलरी मिळतात. उकडलेल्या एका अंड्यात त्या ७५ च्या आसपास असतात आणि प्रथिनेही असतात. त्यामुळे चखन्याची निवड एकूण हिशेबात मोठा फरक पाडते.

चखन्यानंतर पुष्कळदा सावजी जेवण होते. हलबा कोष्टी समाजातून आलेली ही पाककृती झणझणीत मसाला आणि वर तरंगणारी तर्री यांसाठी प्रसिद्ध आहे. एका मोठ्या चमच्यातील, म्हणजे १५ मिलि, तेलातून १२० ते १२५ किलोकॅलरी मिळतात. मद्यामुळे चरबीचे ज्वलन मंदावलेले असतानाच ही तर्री पोटात जाते, हा या जोडीतील मुख्य दोष होय.

एक क्वार्टर आणि ५० ग्रॅम फल्लीदाणे यांची बेरीज सुमारे ७०० किलोकॅलरी होते. वजन घटवण्यासाठी रोजच्या आहारात साधारणतः ५०० किलोकॅलरींची कपात सुचवली जाते. म्हणजे जेवणाला हात लावण्यापूर्वीच एका दिवसाहून अधिक कपात भरून निघते. अंबाझरी किंवा फुटाळा तलावाच्या परिसरात सकाळी फिरणारी ७० किलो वजनाची व्यक्ती तासाभराच्या भरभर चालण्यात सुमारे २५० किलोकॅलरी खर्च करते. त्या मानाने केवळ क्वार्टरची भरपाई करण्यास पाऊणेदोन तास चालावे लागेल.

एक किलो शरीरचरबीत सुमारे ७,७०० किलोकॅलरी ऊर्जा साठलेली असते. आठवड्यातून दोन वेळा घेतलेल्या क्वार्टरमधून नऊ आठवड्यांत जवळजवळ तेवढीच ऊर्जा शरीरात जाते. शरीर ऊर्जेच्या बदलाशी काही प्रमाणात जुळवून घेत असल्याने वजन याच गणिताने वाढेल असे नाही. तथापि 'आठवड्यातून दोनदाच तर घेतो' या समजुतीमागील राशी किती मोठी आहे, हे त्यावरून दिसते.

उन्हाळ्यात नागपूरचे तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या वर जाते आणि 'थंडावा' म्हणून बिअर घेतली जाते. मद्यामुळे मूत्रनिर्मिती रोखणाऱ्या संप्रेरकाचे स्रवण कमी होते व शरीरातील पाणी बाहेर टाकले जाते. दुसऱ्या दिवशी सकाळी वजनकाट्यावर दिसणारी घट ही बहुधा या पाण्याची असते. ती चरबीची घट समजणे चूक आहे, आणि कडक उन्हात हे निर्जलीकरण धोकादायकही ठरते.

पूर्व विदर्भात, विशेषतः गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया व भंडारा जिल्ह्यांत, मोहाच्या फुलांपासून दारू गाळली जाते. मोहफूल मुळात शर्करायुक्त व खाद्य आहे. ते वाळवून खाण्याची आदिवासी समाजात जुनी परंपरा आहे. मात्र आंबवून व ऊर्ध्वपातन करून मिळणाऱ्या द्रवात इथेनॉल आणि पाणी हेच मुख्यत्वे उरते, फुलातील पोषक घटक मागे राहतात. घरगुती मोहाच्या दारूची तीव्रता दर वेळी वेगळी असल्याने तिच्या ऊर्जेचा हिशेब मांडता येत नाही.

दोन वेळच्या जेवणाची पद्धत

महाराष्ट्रात लोकप्रिय झालेल्या, दिवसातून दोनदाच व प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत जेवण्याच्या पद्धतीचा मूळ विचार नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार (१९५४–२००४) यांनी मांडला आणि पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी त्याचा प्रसार केला. वारंवार खाण्याने इन्सुलिनचे स्रवण वारंवार होते, म्हणून खाण्याच्या वेळा कमी कराव्यात, हे त्यामागील सूत्र आहे. दोन-तीन तास चालणारी मद्याची बैठक व तिच्यातील चखना ही या वेळेच्या चौकटीत बसत नाहीत. याशिवाय दीर्घ उपवासानंतर रिकाम्या पोटी घेतलेले मद्य वेगाने रक्तात मिसळते, म्हणून त्याच प्रमाणाची नशा अधिक चढते.

भारतीय शरीररचना

किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागल्यावर येणाऱ्या अंकास बीएमआय म्हणतात. जागतिक वर्गीकरणात २५ च्या वर अधिक वजन मानले जाते. भारतीयांसाठी तज्ज्ञांनी २३ ही अधिक वजनाची व २५ ही स्थूलतेची मर्यादा सुचवली आहे. कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंमी व स्त्रियांत ८० सेंमी यांहून अधिक असल्यास तो धोक्याचा मानला जातो.

या वेगळ्या मर्यादांमागील कारण पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनातून ठळक झाले. इ.स. २००४ मध्ये 'द लॅन्सेट' या नियतकालिकात याज्ञिक व ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन यांची तुलना प्रसिद्ध झाली. दोघांचा बीएमआय २२.३ होता, पण शरीरातील चरबी युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के होती. वरून सडपातळ दिसणाऱ्या भारतीयाच्या पोटात व यकृताभोवती चरबी असू शकते, हा त्याचा बोध होय. यकृतात आधीच चरबी असलेल्या व्यक्तीने मद्य घेतल्यास दोन्ही कारणे एकाच अवयवावर आघात करतात. इ.स. २०२३ मध्ये मेदयकृताच्या विकारांचे जे नवे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण झाले, त्यात चयापचयदोष व मद्य या दोन्हींमुळे होणाऱ्या विकाराला स्वतंत्र स्थान देण्यात आले.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रातील सुमारे १४ टक्के पुरुष मद्य घेत असल्याचे व जवळजवळ एक चतुर्थांश पुरुषांचे वजन अधिक असल्याचे आढळले.

संशोधनाचे निष्कर्ष

मद्यपान व वजन यांच्या संबंधाविषयीचे सर्वेक्षणात्मक अभ्यास एकमुखी नाहीत. अल्प प्रमाणात घेणाऱ्यांत वजनवाढ बहुतेक वेळा दिसत नाही. अधिक प्रमाणात किंवा एका बैठकीत भरपूर घेणाऱ्यांत मात्र ती अधिक सातत्याने दिसते. अल्प प्रमाणात घेणाऱ्यांच्या इतर सवयी, उत्पन्न व व्यायाम यांचाही या आकड्यांवर प्रभाव असतो.

वजन घटवणाऱ्यांच्या बाबतीत अमेरिकेतील 'लुक अहेड' या चाचणीचे विश्लेषण महत्त्वाचे आहे. मधुमेह व अधिक वजन असलेल्या सुमारे ५,००० व्यक्तींचा त्यात समावेश होता. जीवनशैली बदलण्याचे सघन मार्गदर्शन मिळालेल्या गटात पहिल्या वर्षी मद्यपानामुळे फरक दिसला नाही. चौथ्या वर्षाअखेर मात्र या काळात मद्य पूर्णतः टाळणाऱ्यांचे वजन, केव्हाही मद्य घेतलेल्यांपेक्षा सरासरी १.६ टक्क्यांनी अधिक घटलेले होते. फरक लहान आहे. परंतु वजन घटवण्यापेक्षा ते घटलेले टिकवणे कठीण असते, आणि तो फरक नेमका त्याच टप्प्यावर दिसतो.

अतिमद्यपान आणि कृशता

मद्यात ऊर्जा असूनही व्यसनाधीन व्यक्ती कृश का होते, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. अशा व्यक्तीच्या आहारात मद्य हे अन्नावर भर म्हणून नसते, ते अन्नाची जागा घेते. जठर व आतड्यांच्या दाहामुळे पोषक घटक नीट शोषले जात नाहीत. थायमिन या जीवनसत्त्वाची कमतरता निर्माण होते आणि तिच्यामुळे मेंदूला कायमची इजा होऊ शकते. हातापायांचे स्नायू झिजतात. यकृत निकामी होऊ लागल्यावर पोटात पाणी साठते, म्हणजे हातपाय बारीक आणि पोट मोठे असे चित्र दिसते. हे वजन घटणे आरोग्याचे लक्षण नसून आजाराचे लक्षण आहे.

अल्प उत्पन्नाच्या कुटुंबात मद्यावरील खर्चामुळे इतरांच्या ताटातील अन्नही कमी होते. विदर्भातील दारूबंदीच्या मागण्यांमागे हे एक प्रमुख कारण होते. वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून आणि गडचिरोली जिल्ह्यात लोकचळवळीनंतर १९९३ पासून दारूबंदी आहे. गडचिरोलीच्या चळवळीत डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांचा महत्त्वाचा वाटा होता. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ मध्ये लागू झालेली बंदी २०२१ मध्ये उठवण्यात आली.

विशेष धोके

मधुमेह : इन्सुलिन किंवा काही मधुमेहविरोधी गोळ्या घेणाऱ्यांत मद्यामुळे रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते, कारण यकृताची नवी शर्करा तयार करण्याची क्रिया मद्याने दबते. जेवण टाळून मद्य घेतल्यास हा धोका वाढतो. घाम, थरथर व बरळणे ही त्याची लक्षणे नशेसारखीच असल्याने सोबत्यांच्या लक्षात येत नाहीत.

जेवणाऐवजी मद्य : रात्रीच्या मद्यासाठी दिवसभर उपाशी राहून ऊर्जा 'वाचवण्याची' पद्धत तरुणांत आढळते. त्यात बेरीज कदाचित जुळते, परंतु प्रथिने व जीवनसत्त्वे यांची उणीव राहते आणि नशा वेगाने चढते.

स्थूलतेवरील शस्त्रक्रिया : जठराला वळसा देणाऱ्या शस्त्रक्रियेनंतर मद्य अतिशय वेगाने शोषले जाते. अशा रुग्णांत शस्त्रक्रियेनंतरच्या दुसऱ्या वर्षापासून मद्याचे व्यसन वाढल्याचे आढळले आहे.

अचानक मद्य सोडणे : रोज मोठ्या प्रमाणात मद्य घेणाऱ्या व्यक्तीने वजन घटवण्याच्या निश्चयाने ते एकाएकी बंद केल्यास हातापायांचा कंप, झटके, भ्रम अशी लक्षणे उद्भवू शकतात व ती जिवावर बेतू शकतात. त्यामुळे मद्य सोडणे वैद्यकीय देखरेखीखाली व्हावे लागते. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही राष्ट्रीय मदतवाहिनी व मानसिक आरोग्यासाठी १४४१६ ही टेलिमानस सेवा उपलब्ध आहे.

इतिहास

चरकसंहितेच्या विमानस्थानात मेद वाहून नेणाऱ्या स्रोतसांच्या दुष्टीची कारणे सांगताना व्यायामाचा अभाव, दिवसा झोपणे व स्निग्ध पदार्थांचे अतिसेवन यांच्या जोडीला वारुणी या मद्याचे अतिसेवनही नोंदवले आहे. युरोपात विल्यम बँटिंग याने १८६३ मध्ये लिहिलेल्या, वजन घटवण्याविषयीच्या प्रसिद्ध पुस्तिकेत बिअर वर्ज्य ठरवली होती, पण क्लॅरेट व शेरी यांना मुभा दिली होती. इ.स. १९६४ मध्ये अमेरिकेत मद्यप्रेमींसाठी कमी कर्बोदकांच्या आहाराची एक पुस्तिका निघाली व गाजली. मद्यात साखर कमी म्हणून ते आहारास पोषक, ही आजही आढळणारी समजूत या परंपरेतून आलेली दिसते.

प्रचलित समजुती

'बिअरने पोट सुटते, व्हिस्कीने नाही' : पोट एकूण अतिरिक्त ऊर्जेमुळे सुटते. व्हिस्कीत कर्बोदके नसली तरी इथेनॉलची ऊर्जा असतेच.

'साखरविरहित पेय मिसळले की झाले' : त्यामुळे साखरेची ऊर्जा टळते, मद्याची टळत नाही. शिवाय गोड पेयाच्या तुलनेत अशा मिश्रणातील मद्य जठरातून लवकर पुढे सरकते व रक्तातील त्याची पातळी अधिक वाढते.

'थोडी वाइन आरोग्याला चांगली' : जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यास निर्धोक नसल्याचे स्पष्ट केले. मद्याचा समावेश कर्ककारक पदार्थांच्या पहिल्या गटात १९८८ पासून आहे. स्थूलता हेही अनेक कर्करोगांचे कारण असल्याने, वजन घटवण्याचा हेतू आरोग्य हाच असेल तर मद्याचा विचार केवळ उष्मांकांपुरता मर्यादित राहत नाही.

हेही पहा

• स्थूलता
• मधुमेह
• मेदयकृत
• मद्यासक्ती
• मोह (वृक्ष)
• सावजी
• गडचिरोली जिल्हा